मुद्देमाल नंबर एकेचाळीस

मोमिनाबाद म्हणत तेव्हा अंबाजोगाईला.
तिथल्या कोर्टात मी हंगामी कारकून,
मुद्देमालाच्या खोलीची किल्ली करदोट्याला.
सत्तावन साल, थंडी. केरबा सटवाजीला आणला,
राहणार घाटनांदूर. धंद्याच्या रकान्यात
फौजदारानं बिनदिक्कत लिहिलेलं: घरफोडी.

पंचनाम्यात पितळी तांबे दोन, चांदीचा एक वाळा,
कटावणी, सुताचा दोर,
आणि गोल बिल्ला, गिलटाचा, फीत तांबडी-निळी-पांढरी.
पुढं मुकुट घातलेला राजा,
मागं सिंह, दोन डोक्यांच्या जनावरावर उभा.
शेरा: संशयित चोरीचा माल.

"तेवढा माझा हाय सायेब,
बाकीचं ज्याचं त्याला द्या."
कोर्ट म्हणालं, पुरावा?
बिल्ल्याच्या कडेवर नाव नव्हतं.
कागद होता, तो घरासंगं जळाला म्हणाला.

दोन तारखांच्या मधे, लिंबाखाली, बेडीत बसून
माझ्याच बिडीवर त्यानं सांगितलं ते असं:
बेचाळीसला बीडच्या जेलातून सुटला,
गावात कुणी उभं करीना.
लातूरहून बार्शीची छोटी गाडी, विनातिकीट,
मग खडकी.
भरतीच्या गोऱ्यानं विचारलं, काय येतं?
"भित येती. भित काय बोलती ते ऐकू येतं."
दुभाष्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक,
सुरुंगवाल्या पलटणीत नाव लागलं.

इटलीत पोटावर पडून माती चाचपायची,
गाडलेलं लोखंड बोटांनी हुडकायचं,
झोपलेल्याच्या उशाखालून डबी काढावी तसं.
"फरक येवढाच, तिथं हात हालला
की मालक जागा होत न्हाई,
आपुनच झोपतो."

एका गावात सगळी दारं सताड.
ताटात वाळलेलं जेवण, खुंटीवर झबलं.
"सवण्यातनं उतरनारा मानूस म्या, माळवदं उकरलेली.
जल्मात पहिल्यांदा दारातनं आत गेलो, भर दुपारी.
हात लागंना कशाला.
उघड्या घरात काय चोरायचं?
दार वढून घेतलं आन् भाईर येऊन वकलो."

त्याच्या फायलीत अठ्ठेचाळीस साल कोरं आहे.
त्या वर्षी इकडंही घरं आपोआप उघडी पडत होती,
कुणाची आधी, कुणाची नंतर.
फौजदाराचा शेरा: फरारी असावा.
तो गावातच होता.
सोडून गेलेल्यांच्या दारांना कड्या लावत फिरायचा, म्हणे.
म्हणे लिहितो, कारण चोरानंच सांगितलेलं.
पुढल्या साली लोक परतले, कुलपं लागली,
आणि केरबा कामाला लागला.

आता, जे मी कोर्टात बोललो नाही ते.
बोटांच्या ठशांचे दोन कागद माझ्याच ताब्यात होते.
अठ्ठेतीसचा, उर्दूतला: ठसे दहा.
सत्तावनचा, मराठीतला: आठ.
डाव्या हाताच्या दोन चौकटी रिकाम्या,
एकीत कुणीतरी टाक पुसलेला.
कागद शेजारी शेजारी ठेवून
साहेबांना एवढंच म्हणायचं होतं,
विचारा की त्याला, कुठं राहिली.
मला कायम व्हायला चार महिने उरले होते.
मी फायलीची नाडी आवळली.

तीन वर्षं सक्तमजुरी.
हर्सूलच्या जेलात दुसऱ्या उन्हाळ्यात काविळीनं गेला.
बिल्ल्यावर हक्क सांगणारं कुणी नाही
म्हणून लिलावाचा हुकूम निघाला.
आदल्या संध्याकाळी मी खोली उघडली,
किल्लीनं. दारातून आत गेलो.
नंतर वहीत लिहिलं:
एकेचाळीस, गहाळ, उंदरांनी नेला असावा.
गिलट खाणारे उंदीर. साहेबांनी सही केली.

ट्रंकेत आहे, धोतराच्या घडीत.
परवा सुनेच्या हाती लागला.
मामंजी, तुम्ही लढाईत होता?
मी काही न बोलता
कडी नीट लागली का बघायला उठलो.